एलएनजी प्लांट, फिम्साची नोटीस आणि प्रशिक्षणाच्या नोंदी : माझा अनुभव

दाभोळला एलएनजीचं, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूचं, टर्मिनल झाल्यापासून आमच्या गुहागरकडच्या काही मुलांना या क्षेत्राची ओढ लागली आहे. सेफ्टीचे कोर्स करून नोकरीला लागलेले दोघं-तिघं मला अधूनमधून विचारतात, "काका, तुमच्याकडे तपासणीला आलेले लोक नेमकं काय बघतात?" फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगून समाधान होत नाही, म्हणून एका तपासणीची हकिकत सविस्तर लिहितो. हा सगळा मामला प्रशिक्षणाच्या नोंदींचा आहे. गॅसगळती नाही, आग नाही, कुणाला साधं खरचटलंही नाही. तरी सरकारने आम्हाला नोटीस दिली, आणि ती योग्य होती असं माझं आजही मत आहे.

मी अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या एका पीक-शेव्हिंग प्लांटमध्ये काम करतो. उन्हाळ्यात मागणी कमी असते तेव्हा पाइपलाइनमधला नैसर्गिक वायू उणे 162 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करायचा, द्रवरूपात टाकीत साठवायचा, आणि जानेवारी-फेब्रुवारीत कडाक्याची थंडी पडून घरोघरचे हीटर पेटले की त्या द्रवाचा पुन्हा वायू करून पाइपलाइनमध्ये सोडायचा, असा हा प्लांट चालतो. यातला धोका बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. द्रव बाहेर काढून व्हेपरायझरमधून, म्हणजे त्याचा वायू करणाऱ्या यंत्रातून, सोडण्याचं काम वर्षातून मोजकेच दिवस होतं, बहुतेकदा भर थंडीत आणि बऱ्याचदा मध्यरात्री. रोज करून हाताला वळण पडेल असं हे काम नाही. त्यामुळे ऑपरेटर जे शिकला त्यावरच सगळी भिस्त असते.

अमेरिकेत एलएनजी प्लांटसाठी केंद्रीय नियमावलीचा भाग 193 लागू होतो. त्याची अंमलबजावणी करणारी संस्था म्हणजे पाइपलाइन अँड हॅझार्डस मटेरियल्स सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. सगळे तिला फिम्सा म्हणतात. राज्याच्या हद्दीतल्या प्लांटची तपासणी बहुतेक ठिकाणी राज्य सरकारचे निरीक्षक करतात, पण आमचा प्लांट आंतरराज्य पाइपलाइनचा, त्यामुळे आमच्याकडे थेट फिम्साचे लोक येतात.

प्रशिक्षणाचे नियम वाचायला सोपे आहेत. ऑपरेशन आणि देखभालीचं एक कलम, सुरक्षा पहाऱ्याचं दुसरं, आगीचं तिसरं. या तिन्ही विषयांत पहिलं प्रशिक्षण झाल्यावर जास्तीत जास्त दोन वर्षांच्या अंतराने उजळणी झालीच पाहिजे. त्यापुढे येतं कलम 2719, नोंदींचं. ते दोन वेगळे पुरावे मागतं. एक, प्रशिक्षणाचा कार्यक्रम खरोखर राबवला गेला. दोन, अमुक माणसाने तो समाधानकारकपणे पूर्ण केला. शिवाय माणूस प्लांटच्या कामावरून गेल्यानंतरही त्याच्या नोंदी एक वर्ष ठेवायच्या. बहुतेक ठिकाणी पहिल्या पुराव्यावर भर असतो आणि दुसरा तसाच राहून जातो. आमच्याकडेही तेच झालेलं होतं.

प्रशिक्षणाच्या नोंदींचं काम माझ्याकडे आलं ते आधीचे गृहस्थ निवृत्त झाल्यावर. फायली नीटनेटक्या होत्या. प्रत्येक वर्गाचा हजेरीचा कागद, खाली सह्या, वर तारीख. निरीक्षक बाई आल्या तेव्हा मी त्याच फायली टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. त्यांनी त्यांना हातही लावला नाही. आधी कंट्रोल रूमचं लॉगबुक मागितलं, मागच्या हिवाळ्यातली एक रात्र निवडली, त्या शिफ्टला कोण कोण होतं ती नावं उतरवून घेतली आणि मग म्हणाल्या, "आता या माणसांची त्या रात्रीपर्यंतची पात्रता दाखवा."

तपासणीची ही पद्धत मला फार पटली. फायलीपासून सुरुवात केली की जे फायलीत आहे तेवढंच दिसतं. लॉगबुकपासून सुरुवात केली की प्रत्यक्ष व्हॉल्व्ह कुणी उघडला तिथपासून मागे जाता येतं. त्या रात्रीच्या एका ऑपरेटरची आगीच्या प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर सही होती, पण परीक्षा किंवा प्रात्यक्षिक यांचा काहीच मागमूस नव्हता. दुसऱ्याच्या दोन उजळण्यांमधलं अंतर दोन वर्षांहून जास्त होतं. पहिली मार्चमध्ये झालेली, पुढची त्यानंतरच्या तिसऱ्या मे महिन्यात. आमच्या लोकांचा समज असा, की एक वर्ष सोडून एक वर्ष घेतलं की झालं. फिम्साच्या इतर काही कलमांत तशी सवलत आहे; "वर्षातून एकदा, पण 15 महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको" अशी भाषा तिथे सापडते. प्रशिक्षणाच्या कलमात ती नाही. दोन वर्षं म्हणजे तारखेपासून तारखेपर्यंत दोन वर्षं. तिसरी अडचण गेटवरच्या पहारेकऱ्याची. तो कंत्राटी एजन्सीचा माणूस, नोकरी सोडून गेलेला. त्याच्या नोंदी एजन्सीकडे होत्या, आणि तो गेल्यावर त्यांनी त्या काढून टाकल्या होत्या. त्याला जाऊन वर्षही झालेलं नव्हतं.

निरीक्षकांनी जाताना समारोपाच्या बैठकीत हे सगळं शांतपणे सांगितलं. काही महिन्यांनी नोटीस आली. तिचं नाव संभाव्य उल्लंघनाची नोटीस. तिच्यात प्रत्येक आरोप कोणत्या कलमाखाली आहे ते, प्रस्तावित दंड, आणि काय दुरुस्त करायचं याचा प्रस्तावित आदेश असतो. या प्रकारात दंड नाममात्र नसतो. जानेवारी 2012 मध्ये अमेरिकेत जो कायदा झाला त्याने कमाल मर्यादा एका उल्लंघनाला दिवसाला 2 लाख डॉलर आणि संबंधित उल्लंघनांच्या मालिकेला 20 लाख डॉलर अशी वाढवली, आणि पुढे ती महागाईप्रमाणे आणखी चढत गेली. नोंदींच्या प्रकरणात कुणी कमाल मर्यादेपर्यंत जात नाही, पण नोटीस आणि अंतिम आदेश फिम्साच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले असतात. आमच्या वरिष्ठांना दंडापेक्षा ते जास्त झोंबलं.

नोटीस मिळाल्यापासून उत्तराला 30 दिवस. आरोप मान्य करून दंड भरता येतो, लेखी म्हणणं मांडता येतं, किंवा सुनावणी मागता येते. मुदतीत काहीच केलं नाही तर विरोधाचा हक्क सोडला असं धरतात. माझ्यासारख्या नवख्या माणसाला सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे प्रकरणाची फाईल मागण्याचा हक्क. निरीक्षकाचा उल्लंघन अहवाल तिच्यात असतो. नोटिशीत दोन ओळींत आलेला आरोप तिथे पानभर उलगडलेला दिसतो. कुठला कागद पाहिला, कुणाशी काय बोलणं झालं, कमी काय पडलं. तो वाचल्यावरच मला कळलं, की आगीच्या प्रशिक्षणाबाबत त्यांचा आक्षेप "माणूस वर्गात नव्हता" असा नव्हताच. तो शिकला हे कशावरून, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

ते दिवस ताणाचे गेले. बैठकीत एकाने सुचवलं, की प्रशिक्षकाकडून आता निकालपत्रक लिहून घेऊ, तो माणूस हुशार आहे हे सगळ्यांनाच माहीत आहे. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. केंद्रीय यंत्रणेला जाणूनबुजून खोटा कागद देणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे, हे एक कारण. पण त्याहून मला अस्वस्थ केलं ते दुसऱ्या गोष्टीने. एकदा असा कागद तयार झाला की पुढच्या हिवाळ्यात शिफ्ट लावणारा माणूस त्याच्यावर विश्वास ठेवणार. नोंद सरकारसाठी नंतर असते. आधी ती शिफ्ट लावणाऱ्यासाठी असते. वकिलांनीही माझी बाजू उचलून धरली. मग सुपरवायझरचं प्रतिज्ञापत्र जोडायचा विचार निघाला. तेही मला कच्चं वाटलं, कारण नियमाला त्या वेळची नोंद हवी, नंतरची आठवण नको.

शेवटी शोधाशोध केली. जुन्या ऑफिसच्या ट्रेलरमध्ये खोकी पडून होती. आगीच्या प्रशिक्षणाचे काही वर्ग बाहेरच्या प्रशिक्षण केंद्रात झाले होते, आणि त्या केंद्राने प्रत्येकाचं प्रात्यक्षिकाचं मूल्यमापन पाठवलं होतं. ड्राय केमिकलने, म्हणजे आग विझवायच्या कोरड्या पावडरीने, एलएनजीची आग विझवताना कुठून शिरला, वाऱ्याची दिशा पाहिली का, माघार घेताना आगीकडे पाठ केली का, अशा मुद्द्यांवर तपासनिसाच्या खुणा, सही आणि तारीख. आमच्या ऑपरेटरचा कागद त्यात निघाला. इतका आनंद मला कुठल्याही बढतीने झालेला नाही. तो माणूस खरोखर शिकलेला होता आणि आता ते सिद्ध करता येत होतं.

आम्ही उत्तर असं दिलं : आगीच्या प्रशिक्षणाच्या आरोपाला पुराव्यासह विरोध, उजळणीचं लांबलेलं अंतर आणि पहारेकऱ्याच्या नोंदी हे दोन्ही आरोप मान्य. अंतिम आदेशात पहिला आरोप मागे घेतला गेला, उरलेले दोन कायम राहिले, दंड त्या प्रमाणात उतरला. तपासणीनंतर आम्ही केलेल्या सुधारणांचं लांबलचक वर्णन जोडलं होतं, पण त्यासाठी दंडात सूट मिळाली नाही. फिम्साची भूमिका साधारण अशीच असते : जे आधीपासून करायला हवं होतं ते नंतर केलं म्हणून श्रेय मिळत नाही. कडक वाटतं, पण मला ते न्याय्य वाटतं.

आदेशाप्रमाणे नोंदींची नवी पद्धत बसवताना खरी कसोटी माणसांशी बोलण्यात लागली. आमच्याकडे एक ऑपरेटर आहे, तीस वर्षांहून अधिक अनुभवाचा. प्रत्येकाची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा होणार असं जाहीर केलं तेव्हा तो दुखावला. "तू इथे यायच्या आधीपासून मी ही टाकी सांभाळतोय," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, "म्हणूनच प्रश्न तू काढ." तो गप्प राहिला, पण दुसऱ्या दिवशी वहीत लिहून घेऊन आला.

त्याचा पहिलाच प्रश्न होता : दोन बंद व्हॉल्व्हच्या मधल्या पाइपात एलएनजी अडकून राहिलं तर काय होतं, आणि तुला ते कशावरून कळेल? द्रवाचा वायू झाला की आकारमान सुमारे 600 पट होतं. अडकलेला द्रव हळूहळू तापतो, दाब चढतो, आणि त्या तुकड्याचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, बंद राहिलेला असेल तर पाइप फुटतो. 8 जून 2022 रोजी टेक्सासमधल्या फ्रीपोर्ट एलएनजीत असाच प्रकार झाला आणि तिथली निर्यात कित्येक महिने बंद राहिली. त्या ऑपरेटरने हा प्रश्न तरुण मुलांना विचारला तेव्हा काहींनी व्याख्या पाठ म्हणून दाखवल्या, आमच्या प्लांटमध्ये असे तुकडे कुठे कुठे आहेत हे मात्र सगळ्यांना सांगता आलं नाही. हजेरीपटावर त्या सगळ्यांच्या सह्या होत्या.

ज्यांना सांगता आलं नाही त्यांना आम्ही कामावरून बाजूला केलं नाही. नियमातच सोय आहे : पात्रता पूर्ण न झालेला माणूस पात्र माणसाच्या सोबतीने आणि त्याच्या सूचनेनुसार काम करू शकतो. म्हणून शिफ्टच्या तक्त्यावर आता प्रत्येक नावापुढे पात्रतेची मुदत छापलेली असते आणि मुदत संपायच्या तीन महिने आधी नाव पिवळं होतं. पिवळं नाव लाल झालं तर तो माणूस एकटा लावता येत नाही, मग सुट्टीचा कितीही प्रश्न असो. उजळणीही आम्ही दोन वर्षांवर न ठेवता हिवाळ्याच्या तोंडावर दर ऑक्टोबरात घेतो. मुदत पाळायला सोपी जाते, आणि काम जवळ आलेलं असताना शिकलेलं लक्षात राहतं.

कंत्राटी पहारेकऱ्यांच्या करारात बदल करायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. एजन्सीला नोंदी देणं म्हणजे कामगारांची खाजगी माहिती देणं वाटत होतं. शेवटी ठरलं, की प्रशिक्षणाच्या प्रत्येक कागदाची प्रत त्याच आठवड्यात आमच्याकडे येईल आणि माणूस गेल्यानंतरची वर्षभराची जबाबदारी आमची. ती कलमं करारात आल्यावर आम्ही आदेशाच्या पूर्ततेचे कागद पाठवले आणि फिम्साचं प्रकरण बंद झाल्याचं पत्र आलं.