पाण्यापल्याडचे तीन दिवस

महाबळेश्वरहून तापोळ्याचा घाट उतरताना ‘मिनी काश्मीर’ अशा पाट्या लागतात. मला त्या पाट्यांचा राग येतो. कोयनेच्या काठाला दुसऱ्या कुणाचं नाव उसनं घ्यायची काय गरज? घाट संपत आला की खाली शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय दिसतो, एका डोंगराच्या पायाशी वळून दुसऱ्याच्या मागे गेलेला. टोक कुठेच दिसत नाही.

आमचा मुक्काम पलीकडच्या काठावर एका घरी होता. तिथं जायला तराफा. आमच्या गाडीशेजारी एक जीप, तीन मोटारसायकली, सिमेंटची पोती आणि दोन शेळ्या. लेक खूश, कारण एक शेळी तिच्या ओढणीकडे बघत होती. तापोळ्याला पलीकडे जोडणाऱ्या मोठ्या पुलाचं काम तेव्हा चालू होतं. तो झाला की ही मजा जाईल, असं मी म्हणाले, तर शेजारचे काका शांतपणे म्हणाले, “ताई, रात्री पोटात दुखाय लागलं की मग कळंल मजा.” पुढं मी गप्प बसले.

तिथं कुणी ‘शिवसागर’ म्हणत नाही, इंग्रजी ‘लेक’ तर नाहीच. ‘पाणी’ म्हणतात. पाण्यापल्याड लग्न ठरलं, पाण्यावरून बाजार आणला. आमच्यासाठी जे नौकाविहाराचं ठिकाण, तो त्यांचा रस्ता आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कयाक घेतली. दहा वाजेपर्यंत पाणी आरशासारखं. वल्हं उचललं की थेंबांचाही आवाज येतो. काठाला लाल मातीचा पट्टा उघडा पडला होता. जानेवारीत तो अरुंद असतो, मे महिन्यापर्यंत वाढत जातो. परतताना वारा सुटला आणि मी एकाच जागी गोल फिरायला लागले. नवरा काठावरून सूचना देत होता. शेवटी एका होडीवाल्या पोरानं दोरी टाकून ओढून आणलं.

घरच्या आजी अंगणात नाचणीची भाकरी थापत होत्या. “माझ्या खाचरावरनंच फिरत हुतीस की,” म्हणाल्या. १९६०च्या दशकात कोयना धरण भरलं तेव्हा त्यांची भातखाचरं खाली गेली. काही भावकी ठाणे-रायगडात वसली, हे घर डोंगरावर चार पायऱ्या वर सरकलं. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपाची गोष्ट त्यांनी भाकरी उलटता उलटता सांगितली. पहाटे भांडी पडली, मग गोठ्यातली जनावरं ओरडली, की आधी जनावरं ओरडली, यावर त्यांचं आणि शेजारणीचं अजून जमत नाही.

संध्याकाळी मला एक गंमत सुचली. जुन्या महाबळेश्वरातल्या पंचगंगेच्या देवळात गोमुखातून ज्या पाच नद्या निघतात असं मानतात, त्यांतलीच ही कोयना. कृष्णेला मिळून ती बंगालच्या उपसागराकडे जायची. पण १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) या साठ्यातलं निम्म्याहून जास्त पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीच्या वीजघरात उतरतं, आणि तिथून वाशिष्ठी नदीनं चिपळूणमार्गे अरबी समुद्रात. म्हणजे आजींच्या खाचरावरचं पाणी आमच्या मुंबईचे दिवे लावतं. त्या रात्री त्यांच्याकडे मात्र दोन तास लाईट नव्हती. तारे भरपूर होते, नेटवर्क नव्हतं, चिलापी माशाचं कालवण तिखट होतं.

वासोटा किल्ल्यावर आम्ही गेलो नाही. तो बामणोलीहून लाँचनं करतात, वनखात्याची परवानगी लागते, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून मगच आत सोडतात. पूर्ण दिवस जातो. त्याऐवजी आम्ही गावोगाव थांबणाऱ्या साध्या लाँचमधून फिरलो, आणि माझ्या मते हेच सगळ्यात भारी. एका धक्क्यावर मास्तर चढले, दुसऱ्यावर तांदळाचं पोतं उतरलं. सोळशी आणि कांदाटीचं पाणी कोयनेत मिसळतं तिथं लाँचवाल्यानं वेग कमी केला. बघायला नव्हे, एका घरून चहाची किटली यायची होती.

किटली आली. लेकीला दोर धरायला दिला गेला. तिनं तो असा घट्ट धरला की सोड म्हणेपर्यंत लाँच हललीच नाही.