तीन नंबरचा सिलिंडर

खंबाटकीच्या चढाला गाडी झटके खायला लागली आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. मागे आई बसली होती, साताऱ्याला मामाकडे निघालो होतो. जागा मिळाली तिथे गाडी कडेला घेतली, थोडा वेळ थांबले आणि मग पायाखाली जोर न देता कसाबसा घाट पार केला.

दिवा नुसता लागला असेल तर सवडीने बघता येतं. लुकलुकत असेल तर मात्र गाडी पळवायची नाही. कुठल्यातरी सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता बाहेर पडत असतं, ते पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि आतली जाळी वितळू शकते. तो खर्च फार मोठा.

साताऱ्यात एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसला, पाचशे रुपये घेतले. कोड कुठला होता, हे विचारूनही सांगितलं नाही. परत येताना शिरवळला दिवा पुन्हा लागला! पैसे गेले त्याचं एवढं नाही. पण कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते. बिघाड झाला त्या क्षणी वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान किती होतं, याची ती नोंद. पेशंटचा केसपेपरच फाडून टाकायचा आणि वर फी घ्यायची, हे मला अजिबात पटत नाही.

घरी भावाने दिलेला, असे कोड मोबाइलवर दाखवणारा, आगपेटीएवढा ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर पडून होता. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात तो लावला, चावी ऑनवर ठेवली, इंजिन बंदच. मोबाइलवर कोड आला पी०३०३. आधी स्क्रीनशॉट घेतला. पी०३०० म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं; कुठल्या एका सिलिंडरचा ते ठरलेलं नाही. शेवटी ३ आला की तिसरा सिलिंडर. फ्रीझ फ्रेममध्ये इंजिनवरचा लोड ८६ टक्के. म्हणजे चढावर, जोर लागतानाच.

पण कोड सिलिंडर सांगतो, पार्ट सांगत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, काहीही असू शकतं. माझ्या गाडीत प्रत्येक प्लगवर, त्याला ठिणगीसाठी वीज देणारी, वेगळी कॉइल आहे. इंजिन पूर्ण गार झाल्यावर दहाच्या पान्याने दोन आणि तीन नंबरच्या कॉइल काढल्या आणि अदलाबदल करून बसवल्या. प्लगना हात लावला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. कोड पुसला आणि कात्रजच्या जुन्या घाटाकडे निघाले. चढावर पहिला झटका बसताच गाडी थांबवली, मोबाइल बघितला: पी०३०२.

कॉइल जिकडे गेली, बिघाड तिकडे गेला.

घरी ती कॉइल उन्हात धरून बघितली. खालच्या रबरी नळीवर केसाएवढी करडी रेघ, वरपासून खालपर्यंत. नखाने खरवडली तरी जाईना. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. तेव्हा वीज प्लगपर्यंत न जाता त्या रेघेतून बाजूच्या धातूत उतरत होती. सपाट रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी चालायची ती त्यामुळेच.

नवी कॉइल आणली, सोबत चारही प्लग बदलले. ते तसेही जुने झाले होते. पुढच्या रविवारी पुन्हा सातारा. खंबाटकीला आई या वेळी पुढे बसली होती आणि वर पोचेपर्यंत डॅशबोर्डवरून तिने नजर काढली नाही.