करंगळीची साक्ष

टेनिसमध्ये चेंडू रेघेला नुसता चाटून गेला तरी आत. फुटबॉलमध्ये अख्खा चेंडू रेघ ओलांडेपर्यंत खेळ चालूच. आपल्या कबड्डीतल्या रेघाही मैदानातच धरतात. बास्केटबॉलची रेघ मात्र शेजाऱ्याच्या मालकीची. बुटाचं टोक तिला लागलं की तुम्ही बाहेर. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचं मैदान 94 फूट लांब आणि 50 फूट रुंद, पण निम्मी भांडणं कडेच्या त्या दोन इंचांवर.

गंमत अशी की चेंडू रेघेपलीकडे हवेत कितीही लांब गेला तरी तो बाहेर नसतो. बाहेरची जमीन, माणूस किंवा खुर्ची, काहीतरी त्याला लागावं लागतं. खेळाडूचंही तसंच. हवेत असेपर्यंत तो जिथून उडाला तिथलाच. म्हणूनच आतून झेप घेऊन, हवेतल्या हवेत चेंडू मागे भिरकावून मग पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या मांडीवर पडणारा गडी निर्दोष सुटतो. परत खेळायला दोन्ही पाय आत टेकावे लागतात, हा गॅलरीचा लाडका गैरसमज. एक पाय आत टेकलेला आणि दुसरा हवेत, एवढं पुरतं. उलट ड्रिबल करताना, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेताना, पाय रेघेवर पडला, तर ‘तेव्हा चेंडू हातात कुठे होता?’ ही सबब चालत नाही. आणि चेंडू पंचाला आपटला तर पंच म्हणजे तो उभा आहे ती जमीन. बिचारा रेघेवर उभा असेल तर चेंडू बाहेर, आणि शिव्या त्यालाच.

इथवर ठीक. खरी ठिणगी पडते ती ‘शेवटचा हात कोणाचा’ या प्रश्नावर. बचाव करणारा मागून येऊन चेंडूवर चापट मारतो. चेंडू निसटतो, पण धरणाऱ्याची बोटं अजून त्याच्याभोवती असतात. निसटता निसटता तो त्यांना घासून जातो. म्हणजे चेंडू घालवला एकाने आणि शेवटचा स्पर्श दुसऱ्याचा. नियम फक्त स्पर्श विचारतो. साध्या डोळ्याला ते घासणं दिसत नाही, त्यामुळे पंच वर्षानुवर्षं अशा वेळी चापट खाणाऱ्यालाच चेंडू देत आले, आणि कोणाची तक्रार नव्हती. कॅमेरा आला आणि बोटांच्या शेवटच्या पेरापर्यंत चौकशी सुरू झाली.

2019 च्या पुरुषांच्या कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, मिनियापोलिसला, नेमकं हेच घडलं. व्हर्जिनिया विरुद्ध टेक्सास टेक. जादा वेळेतलं साधारण एक मिनिट उरलेलं, व्हर्जिनिया दोन गुणांनी पुढे. व्हर्जिनियाच्या हंटरने टेक्सास टेकच्या मोरेट्टीकडचा चेंडू मागून उडवला. पंचांनी तो टेक्सास टेकला दिला, मग रिप्ले पाहिला. चेंडू मोरेट्टीच्या करंगळीला चाटून गेलेला दिसला आणि निर्णय फिरला. व्हर्जिनिया 85-77 ने जिंकलं. नियमाप्रमाणे निर्णय अचूक होता. म्हणूनच तो जास्त झोंबतो. चुकीच्या निर्णयावर निदान पंचाच्या नावाने खडे तरी फोडता येतात!

पंचांची बाजूही ऐकावी. असतात तिघे. बास्केटखालचा बेसलाईन, म्हणजे बास्केटमागची रेघ, सांभाळतो, उरलेले दोघे आपापली साईडलाईन, म्हणजे लांबीची कड. पाय रेघेला लागला का आणि बोट चेंडूला लागलं का, हे एकाच क्षणी बघायचं, तेही मध्ये दोन धिप्पाड पाठी असताना. चूक बहुधा डोळ्यांची नसते, घाईची असते. उघडा पंजा वर करून घड्याळ थांबवायचं आणि मग दिशा दाखवायची. नवखा पंच दोन्ही एका झटक्यात करतो आणि सहकाऱ्याने वेगळं पाहिलंय हे त्याला नंतर कळतं. मुरलेला पंच पंजा वर ठेवून क्षणभर दम खातो. दोघांचा हात एकदमच लागला किंवा कोणालाच कळलं नाही, तर टेबलावरचा बाण बघायचा. चेंडू मिळायची पाळी कोणाची, ते तो दाखवतो. 1981 पासून कॉलेजात हा पाळीपाळीचा हिशेब चालतो. तो जरा पोरकट वाटतो, पण वाद मिटवतो.

2025-26 च्या मोसमापासून पुरुषांच्या कॉलेज सामन्यात प्रशिक्षक अशा निर्णयाला आव्हान देऊ शकतात. त्यासाठी टाइमआउट, म्हणजे संघाला खेळ थांबवायची मिळणारी मुभा, शिल्लक हवा. आव्हान फसलं तर टाइमआउट गेला आणि पुढचं आव्हानही. साधलं तर आणखी एक मिळतं. माझ्या मते हे बरं झालं. करंगळीसाठी कोर्टकचेरी करायची तर निदान स्टँप ड्यूटी तरी भरा.

आणि एवढं करून मिळालेला चेंडू आत टाकायला मिळतात पाच सेकंद. समोर लांब हातांचा कोणीतरी नाचत असतो. फेकणारा 3 फूट रुंदीच्या जागेत हलू शकतो, मागे तर जागा असेल तितका जाऊ शकतो. त्याने अर्धं पाऊल मागे घेतलं की गॅलरी ओरडते, ‘सरकला, सरकला!’