तरडगावच्या तळावर

नीरा ओलांडून माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात आली, की आजोबांचे पाय घरात ठरत नसत. यंदा लोणंदपासून फलटणपर्यंत मी त्यांच्याच दिंडीतून, त्यांचेच टाळ घेऊन चाललो. तुळशीची माळ मात्र मी विसाव्या वर्षीच उतरवली होती. कोणाशी भांडण झाले नव्हते, की घरावर आघातही झाला नव्हता. एका संध्याकाळी हरिपाठ म्हणताना, ओठ चालू असतानाच, हे ऐकणारे कोणी नाही असे वाटले आणि ते वाटणे पुढे कधी गेलेच नाही.

चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण झाले. अश्व दौडून जाताच त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी माणसे ओणवी झाली. मीही वाकून चिमूटभर उचलली, पण लावायला हात होईना आणि टाकायलाही होईना, म्हणून ती मुठीतच धरून चालत राहिलो. तळावर पोहोचेपर्यंत घामाने तिचा चिखल झाला होता.

तरडगावला समाजआरतीसाठी दिंड्या उभ्या राहिल्या. 1832 च्या सुमारास या सोहळ्याला शिस्त लावणारे हैबतरावबाबा आरफळचे, म्हणजे आमच्या साताऱ्याचेच, हे सांगितल्यावाचून सातारकराला राहवत नाही. चोपदाराने चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावला, की वाजणारे सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, तिने तेवढे वाजवत राहायचे, मग चोपदार तिच्यापाशी जाऊन गाऱ्हाणे ऐकून घेतो. देव गेल्याचे मला फारसे दुःख नाही. आपले जगणे कशाच्या कामी यावे, हे विचारायची जागा त्याच्याबरोबर गेली, हे मात्र सलते. आजोबांना हा प्रश्न पडला नसावा. पेरणी उरकायची आणि निघायचे, आणि परतल्यावर त्या एका महिन्याच्या बळावर उरलेले वर्ष काढायचे.

चोप वर गेला. माझ्या हातून एक ठोका जास्तीचा पडला. शेजारच्या म्हाताऱ्यांनी मान वळवली. “का माउली, काय तक्रार हाय का?”

“नाही बाबा, हात चुकला.”

त्यांनी माझ्या टाळांवर आपला तळवा ठेवला आणि आवाज पुरता विझेपर्यंत तो काढला नाही. तोवर हरवल्या-सापडल्याची पुकार सुरू झाली होती: एक चष्मा, औषधांची पिशवी, पितळी तांब्या.