शिमागारे : वाऱ्याने आखलेलं जंगल

जपानच्या नागानो प्रांतात उत्तर यात्सुगाताके या डोंगररांगेत लोक सहसा तळी आणि शेवाळी रान बघायला जातात. आम्ही गेलो मेलेली झाडं बघायला. शिमागारे हा २४०३ मीटर उंचीचा डोंगर. त्याच्या नैर्ऋत्य उतारावरच्या गर्द रानात पांढुरके आडवे पट्टे दिसतात, कपाळावर भस्म ओढल्यासारखे. हे पट्टे म्हणजे उभ्याउभ्या वाळलेले फरवृक्ष. ना कीड, ना वणवा, ना कुऱ्हाड. सगळी करणी वाऱ्याची.

टोकियोच्या शिंजुकूहून आझुसा एक्सप्रेसने चिनो गाठायचं, तिथून बसने रोपवेपर्यंत. रोपवेत शिमागारेच्या बाजूची खिडकी धरा. पट्टे लांबूनच नीट कळतात, एकदा रानात शिरलात की कळणं अवघड. वरचं स्टेशन २२३७ मीटरवर आहे, त्यामुळे चढाई थोडीच उरते. त्सुबोनिवाच्या लाव्हाच्या खडकांतून आमाइके खिंडीपर्यंत सपाट वाट आहे. तिथून मात्र दगड आणि मुळं यांची सरळसोट चढण लागते. घोट्यापर्यंतचे बूट हवेतच, ओल्या मुळांवर पाय हमखास सटकतो.

माथ्याजवळ रान एकदम उघडं पडतं. इथे घाई करू नका. वाळक्या खोडांची साल गळून गेलेली, फांद्या बोडक्या, आणि खाली नजर टाकली तर गुडघ्याएवढ्या रोपांची इतकी दाटी की पाय ठेवायला जागा नाही. वाऱ्याच्या तोंडावर पहिल्या रांगेत जी झाडं येतात त्यांच्यावर हिवाळ्यात धुकं गोठून बर्फ साचतो, सुयांसारखी पानं आणि डहाळ्या मोडतात, गार वारा उरलेल्या सुया सुकवतो, आणि सतत हेलकावे खाऊन मातीतली बारीक मुळं तुटतात. ही रांग वाळली की आडोसा गेला, मग मागची रांग उघड्यावर. असा हा पट्टा वर्षाला मीटर-दोन मीटर वाऱ्याच्या दिशेने सरकत राहतो. तो सरकला की मागे ऊन उतरतं आणि सावलीत दबा धरून बसलेली रोपं उसळी घेतात. म्हणून वाळक्या पट्ट्यापासून वाऱ्याला तोंड देत निघालात तर ओळीने रोपं, कोवळी झाडं, पोक्त झाडं आणि पुन्हा वाळका पट्टा असा क्रम लागतो. एकेका पट्टीतली झाडं जवळपास एकाच वयाची, पण उतारावर सगळी वयं एकाच वेळी हजर. जुनं रान म्हणजे सगळी झाडं म्हातारी, ही समजूत इथे टिकत नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या डोंगरांतही फरची अशीच लाटेसारखी रानं आहेत.

इथे मुख्यतः दोन जातींचे फर आहेत, शिराबिसो आणि ओशिराबिसो. सावलीतलं ओशिराबिसोचं रोप शेंड्यापेक्षा आडवं जास्त पसरतं आणि कमी उजेडात तग धरून राहतं. शिराबिसोला मोकळीक मिळाली की ते झपाट्याने उंच होतं. वारा कुठे, किती जागा मोकळी करतो यावर दोघांचं फावतं. ही जोडी ओळखायला शिकलात तर चालण्यातली मजा दुप्पट होते.

पुढे चाउसुयामाच्या कड्यावरून मुगिकुसा खिंडीत उतरा आणि शिराकोमा तळ्यापर्यंत जा. सगळं मिळून चार-पाच तास धरा. इथे वाऱ्याची दुसरी तऱ्हा दिसते. सप्टेंबर १९५९च्या इसे-वान टायफूनने या डोंगरांत रानंच्या रानं आडवी केली. पट्ट्यांतला वारा हप्त्याहप्त्याने वसुली करतो, या वादळाने एका रात्रीत केली. जमीन खडकाळ, माती जेमतेम, त्यामुळे झाड पडतं ते मुळांच्या थाळीसकट. अशी एक उलटलेली थाळी माझ्याहून उंच होती, मुळांच्या मिठीत दगड तसेच अडकलेले, वरच्या कडेला शेवाळ आणि त्यात बोटभर रोपं. कुजक्या ओंडक्यांवर तर रोपांची रांगच लागते. तळ्याभोवती शेवाळाच्या ४८५ जाती नोंदल्या आहेत. फळ्यांची वाट सोडून त्यावर पाय देऊ नका.

डबा वाळक्या झाडांखाली उघडू नका. शेंडे मोडून पडतात, आणि वारा नसला तरी भरवसा नाही. जोराचा वारा असला की रोपवे बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा आणि हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवा. मुगिकुसावरून जाणारा रस्ता हिवाळ्यात बंद असतो, त्या दिवसांत रोपवेनेच परत या. इतर वेळीही शिराकोमाहून बस हंगामापुरत्या आणि मोजक्याच सुटतात. शेवटच्या बसची वेळ सकाळीच लिहून घ्या.