सुशीसाठी साडेचारशे किलोमीटर

शनिवारी सकाळी तोक्योहून निघालो, जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कानाझावाला फिरत्या पट्ट्यावरची सुशी (ताटल्या पट्ट्यावरून समोरून जातात, हवी ती उचलायची) खाल्ली आणि रात्री घरी. एका माणसाचं शिन्कान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, जाऊन-येऊन २८ हजार येनच्या वर, आणि दोघांचं जेवण सहा हजार. नवरा पुण्याचा, त्यामुळे हा हिशोब मला अडीच तासाच्या प्रवासात चारदा ऐकायला मिळाला. पण मुंबईची माणसं मासे खायला मालवणला जातातच ना, तेही एवढंच लांब, तेव्हा कोण हिशोब काढतं?

गंमत म्हणजे पट्टा फिरत होता पण रिकामा! अधूनमधून एखादी पुडिंगची वाटी आणि 'आजचे मासे' लिहिलेल्या पाट्या, बस. ऑर्डर सगळी समोरच्या स्क्रीनवर. २०२३ मध्ये कुठल्यातरी पोराने अशाच एका हॉटेलात सोया सॉसची बाटली चाटतानाचा व्हिडिओ टाकला आणि तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी पट्ट्यावर सुशी सोडणंच कमी झालं. १९५८ साली ओसाकात शिराइशी नावाच्या माणसाने कारखान्यात पट्ट्यावरून जाणाऱ्या बिअरच्या बाटल्या बघून हे डोकं लढवलं, आणि एका कार्ट्यामुळे मला साडेचारशे किलोमीटर येऊन टॅबलेट दाबायला लागला. आपल्याकडे पट्टा असता तर पहिल्याच दिवशी लोकांनी काय केलं असतं ते बोलायला नको, पण निदान रिकामा फिरला नसता.

मासे मात्र... बाहेर गडगडत होतं. इथे हिवाळ्यात वीज कडाडली की तिला 'बुरी-ओकोशी' म्हणतात, म्हणजे बुरी माशाला उठवणारी, आता जाळ्यात बुरी येणार. आमच्याकडे नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघतात तसंच काहीसं. बुरी लोण्यासारखा. नोदोगुरो, म्हणजे आतून काळ्या गळ्याचा मासा, मी वरून जरा भाजलेला मागवला, आणि हो, मुद्दाम भाजलेला, मालवणची पोरगी शेवटी. आईला फोनवर सांगितलं तर तिचा एकच प्रश्न, "रवा नाही लावत?" नवऱ्याने काकडीची सुशी आणि अंड्याचं ऑम्लेट खाल्लं. त्या ऑम्लेटात बहुतेक माशाचा स्टॉक असतो हे मी त्याला अजून सांगितलेलं नाहीये, त्याने तीन प्लेटी संपवल्या.

कानाझावात म्हणतात, डबा विसरलास तरी चालेल पण छत्री विसरू नकोस. नवरा छत्री विसरला. आम्ही सिग्नलपाशी पोचलो तर मागून हॉटेलातली मुलगी भर पावसात भिजत धावत आली, मला आधी वाटलं बिलात काहीतरी राहिलं. छत्री हातात देऊन, वाकून, परत पळाली. मला अगदी भरून आलं (आपल्याकडेही धावतात हां लोक, मालवण स्टँडवर कंडक्टरने एसटी थांबवून माझी पिशवी दिलीये).

घरी येऊन बघितलं तर छत्री आमची नव्हतीच. सगळ्यांच्याच त्या पारदर्शक प्लास्टिकच्या, पाचशे येनवाल्या. आमच्या छत्रीच्या मुठीला लाल रबरबँड होता. आता परत द्यायला जायचं तर पुन्हा २८ हजार, आणि ह्यावेळी हिशोब मी काढणार नाहीये.