लोणंद ते फलटण, पायी

निवृत्त झाल्यापासून मी माउलींच्या पालखीबरोबर लोणंदपासून चालते. आळंदीपासूनची सगळी वाट गुडघ्यांना झेपत नाही. शिवाय मला ओढ आहे ती याच पट्ट्याची. माझी सगळी नोकरी इथल्या वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांत झाली, सगळे वर्ग चौथीपर्यंतचे.

नाव काढलेली मुलं शिक्षकाला सापडतातच. शिष्यवृत्ती मिळवलेली, नोकरीला लागलेली मुलं गुरुपौर्णिमेला फोन करतात. ऊसतोडीला गेलेली, दिवाळीनंतर मेंढरांमागे निघालेली मुलं मात्र हजेरीपटावरून गळतात ती गळतातच. दाखल्यावर ‘शाळा सोडली’ लिहून आपण सही करतो. पुढे त्यांचं काय झालं, हे कुणाला विचारणार? अशी मुलं मला वारीत भेटतात, म्हणून मी चालते.

लोणंद ते तरडगाव ही चाल लहान. वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. दिंड्या रस्त्यावर समोरासमोर रांगा धरतात आणि मधल्या वाटेनं स्वाराचा घोडा आणि माउलींचा अश्व धावतात. माउलींच्या अश्वावर कुणी बसत नाही, तिथे माउलीच बसलेली असते. अश्व पुढे गेला की टापांखालची माती कपाळाला लावायला जो तो वाकतो. मीही वाकले. उठताना कुणीतरी दंडाला धरलं.

“वळखलं का बाई?”

गळ्यात पखवाज, कपाळावर बुक्का, दाढी पिकायला लागलेली. चेहरा ओळखू आला नाही. पण तो बाजूला सरकून उभा राहिला, सगळा भार एका पायावर टाकून, काठीला रेलून मेंढरं राखणाऱ्यासारखा, आणि लख्ख आठवलं. शाळेच्या रांगेतही तो असाच उभा राहायचा. वर्षातले निम्मे महिने कळपाबरोबर रानोमाळ असायचा. वाचताना ‘ज्ञ’ आला की गप्प.

तो पाया पडला, मीही पडले. “बाई, तुम्ही नको!” म्हणत तो मागे सरकला, तेव्हा शेजारचे टाळकरी म्हणाले, “अरे, वारी आहे ही. पडू दे.”

तरडगावपर्यंत आम्ही बरोबर चाललो. मेंढरं वडिलांनंतर विकली, आता पाण्याचा टँकर चालवतो. पखवाज गावच्या भजनात बसून शिकला. आधी हरिपाठ कानानं पाठ झाला, मग पोथी उघडून पाठ असलेल्या ओळींवर बोट ठेवत वाचायला लागला.

“हरिपाठात ज्ञानदेव सारखेच येत्यात बाई. कुठवर अडनार?”

मी शिकवलेल्या कुठल्याही पाठापेक्षा ही पद्धत सरस होती, आणि ती त्याची त्यानं शोधली होती. मला फार आनंद झाला.

संध्याकाळी समाजआरती. चोपदारांनी चोप उंचावला की एवढा मोठा तळ शांत होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढे तिचेच टाळ वाजत राहतात आणि तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. वर्ग चालवणाऱ्या प्रत्येकानं ही आरती एकदा पाहावी.

दुसऱ्या दिवशी फलटणच्या वाटेवर डोक्यावर तुळस घेतलेली एक जण भेटली. चौथीनंतर तिची शाळा थांबली होती, आता बचत गटाचे हिशेब तीच लिहिते. बंदोबस्तावरच्या एका हवालदारानं तर भर रस्त्यात शिट्टी खिशात घालून नमस्कार केला.

फलटणच्या तळावर पखवाजवाला सातवीतल्या लेकीला घेऊन आला. “हिचं गणित बगा बाई.” अपूर्णांकांचा भागाकार अडला होता. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा हे तिला पाठ होतं, का ते माहीत नव्हतं. पंगतीतली अर्धी भाकरी मी तिच्यापुढे ठेवली.

“यात पाव भाकरी किती वेळा बसेल?”

“दोनदा.”

“म्हणजे अर्धा भागिले पाव किती?”

तिनं भाकरी मोडून पाहिली, मग वहीत उलटा करून गुणून पाहिलं. दोन्हीकडे दोनच आले. राहुटीत हरिपाठ सुरू झाला, वडील पखवाज बांधायला उठले. ती हलली नाही.

“बाई, अजून एक घाला.”